नवसाला गेलेलं काळीज

"तुमचं ते काळीज मी देवीला वाहिलं," असं एका बाईनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी अंबडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये उभ्याउभ्या पोहे खात होते. राँग नंबर असेल असं मला वाटलं. फोन ठेवणार, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "डॉक्टर विचारतील म्हणून आधीच सांगून ठेवलं. तुमचा नंबर डब्यावर होता." डबा म्हटल्यावर मात्र मी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. आमचे डबे मला ठाऊक होते. त्यात फोम घालून, वर 'हाताळताना जपा' असं लिहून आम्ही एकच वस्तू पाठवतो.

ती वस्तू म्हणजे माणसाचे अवयव. खरे नव्हेत, छापलेले. आमचं मूळ काम साच्यांचं. गाड्यांच्या डॅशबोर्डचे, दिव्यांच्या काचांचे साचे करण्यात माझ्या वडिलांचं आणि नंतर माझं आयुष्य गेलं. पुढे साचे बनवण्याआधी नमुना दाखवायला म्हणून थ्रीडी प्रिंटर घेतला. तो बराच वेळ रिकामा बसायचा आणि रिकामं मशीन मला बघवत नाही. एका डॉक्टरांच्या ओळखीतून पहिलं मूत्रपिंड छापलं आणि मग कामं येत गेली. पेशंटच्या सिटी स्कॅनमधून अवयवाचा आकार काढायचा, तो थरावर थर चढवत मऊ रेझिनमध्ये छापायचा, धुवायचा, आधाराच्या काड्या खुडायच्या. सर्जन तो हातात घेऊन बघतात, कापतात, त्यावर टाके घालून सराव करतात. खऱ्या मांसासारखं दबलं पाहिजे, सुई आत जाताना तसंच अडलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. आमचे डिझायनर पन्नाशीचे आहेत. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. तीस वर्षं गाडीचे भाग काढलेला हा माणूस पहिलं यकृत प्रिंटरमधून बाहेर आलं तेव्हा हात धुवून आला होता आणि त्या दिवशी जेवला नव्हता. मी जेवले होते. मला अशा गोष्टींचा त्रास होत नाही, असा तोवर माझा समज होता.

फोनवरची बाई ज्याबद्दल बोलत होती ते काळीज एका सात वर्षांच्या मुलीचं होतं आणि ही त्या मुलीची आत्या. देवळ्याच्या पुढे कळवणच्या रस्त्याला त्यांचं गाव. मुलीच्या हृदयातल्या मधल्या पडद्याला वरच्या बाजूला मोठं भोक होतं. शिवाय रक्तवाहिन्या जिथून निघायला हव्यात तिथून निघालेल्या नव्हत्या, त्यामुळे ते भोक नुसतं बुजवून भागणार नव्हतं. आतून एक वाट बांधून काढायची होती. ती कशी बांधायची हे डॉक्टर आमच्या मॉडेलवर आधी करून बघणार होते. पण घरचे मोठे लोक ऑपरेशनला तयार नव्हते. पोरगी हसते, खेळते, जरा दमते एवढंच, मग छाती का फाडायची, असं त्यांचं म्हणणं. म्हणून डॉक्टरांनीच आत्याला मॉडेल देऊन सांगितलं की, घरी नेऊन सगळ्यांना हे भोक दाखवा आणि सोमवारी परत आणा. आत्यानं ते दाखवलं. भोकात करंगळी घालून दाखवलं. घरचे तयार झाले. आणि मग रविवारी तिनं ते देवीला वाहून टाकलं.

मी डॉक्टरांना फोन केला. हा अत्यंत शांत माणूस. आधी ते हसले, मग त्यांनी अडचण सांगितली. ऑपरेशन गुरुवारी ठरलेलं होतं, बाहेरून येणारी टीम ठरलेली होती, आणि सराव न करता ते त्या मुलीच्या हृदयाला हात लावायला तयार नव्हते. तारीख पुढे गेली तर घरचे पुन्हा फिरतील, ही त्यांची दुसरी काळजी. दुसरं छापा म्हणाले. मी छापलं असतं, पण ते मऊ रेझिन संपलं होतं आणि नवीन यायला आठवडा होता. कडक रेझिनमध्ये छापलेल्या हृदयाला टाका घालता येत नाही. तेव्हा आहे तेच परत आणणं, एवढंच उरलं. मी गाडी काढली.

देवीचं ठाणं गावाबाहेर आहे, पत्र्याच्या छपराखाली. आत्या रस्त्यावरच उभी होती. माझ्याच वयाची, उन्हानं रापलेली, हाताला कांद्याचा वास. कांदा निवडणीवरून मधूनच आली होती आणि परत जायची तिला घाई होती. मला वाटलं होतं रडेल, पाया पडेल, चुकलं म्हणेल. तिनं माझ्या चपलांकडे बघितलं आणि त्या बाहेर काढायला सांगितल्या.

आत गेले आणि जागच्या जागी थांबले. मागच्या भिंतीवर चांदीचे डोळे लावलेले होते, जोडी जोडीनं. त्याखाली चांदीच्या पत्र्याचे छोटे हात, पाय, एक कान. वरून लाकडी पाळणे टांगलेले. ज्याचं जे दुखतं त्यानं त्याची प्रतिमा वाहायची, ही पद्धत मला माहीत नव्हती असं नाही. माझ्या आजोळीही डोळे वाहायचे. पण त्या सगळ्याच्या मध्ये, पितळी ताटात, तांदळाच्या राशीवर आमचं हृदय उभं होतं. टोक खाली, महाधमनी वर, आम्ही खऱ्याबरहुकूम दिलेला तो गडद लाल रंग. सर्जनला आत बघता यावं म्हणून उजव्या कप्प्याला समोरून आम्ही खिडकी कापलेली असते, त्या खिडकीतून तेल ओतलेलं होतं, तेलावर कुंकू. भिंतीवरचे डोळे सपाट होते, चिन्हासारखे. हे हृदय सपाट नव्हतं. तेलानं ओलं होऊन ते नुकतंच कोणाच्या तरी छातीतून काढल्यासारखं दिसत होतं. आमच्याच हातचं काम, असली मी शेकडो हाताळलेली, आणि याला मला हात लावावासा वाटेना. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की पहिलं यकृत निघालं त्या दिवशी भाऊ का जेवले नव्हते.

"हे परत न्यावं लागेल," मी म्हणाले.

पुजाऱ्यानं मान आडवी हलवली. वाहिलेलं परत जात नाही. मी समजावून सांगितलं, की हे चांदीच्या डोळ्यासारखं नाही, हे हत्यार आहे, यावर सराव होणार आहे, त्याशिवाय पोरीचं काम होणार नाही. तो म्हणाला, सगळे असंच काहीतरी सांगतात. मग मी आत्याकडे वळले आणि माझा आवाज चढला. नवस काम झाल्यावर फेडतात, आधी नाही, एवढं तरी तिला कळायला हवं होतं.

ती माझ्याशी बोलताना जपून शहरी मराठी बोलत होती. आता ती तिच्या अहिराणीच्या वळणावर आली. "डॉक्टर बी आधी डिपॉझिट घेतो ना? मंग देवीनं काय उधारीवर काम करायचं का?" आणि वर म्हणाली, "पोरनं काळीज शे ते. तुमचं नही."

डिपॉझिट आम्हीही घेतो. आणि काळीज खरोखरच पोरीचं होतं, आम्ही फक्त छापलेलं.

तिथे मी बराच वेळ भांडले असते, पण वाट तिनंच काढली. ती पुजाऱ्याला म्हणाली की शेजारणीकडून वाटीभर साखर आणतात तसं देवीकडून उसनं मागू. दिलेलं परत घ्यायचं नाही, उसनं न्यायचं. उसनं नेलं तर ते फेडावं लागतं आणि ते बुडवणाऱ्याचं भलं होत नाही, हे पुजाऱ्यालाही मान्य होतं. त्याच्या जागी तांदळावर नारळ ठेवायचा. माझ्या गाडीत नारळ नव्हता, तो आत्यानं शेजारच्या घरातून आणला. तोही उसनाच.

"जे नेताय तेच परत आणायचं," ती मला म्हणाली. "दुसरं छापून नाही आणायचं. मला ओळखू येईल."

मी हो म्हणाले. डॉक्टर ते कापणार आहेत हे तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी अजून तिथेच असते.

येताना ते न हलवता डब्यात तसंच उभं ठेवलं होतं, तेल सांडू नये म्हणून. वर्कशॉपला पोचल्यावर मी मोरीवर उभं राहून ते स्वतः धुवायला घेतलं. आधी उजव्या कप्प्यातलं तेल ओतलं, मग आत कापडाची वात फिरवली. डाव्या कप्प्याला मागून दुसरी खिडकी असते. त्यात तेल जाण्याचं कारण नव्हतं. दोन कप्प्यांच्या मधलं ते मोठं भोक वर, पार गळ्याशी आहे, आणि तेल तर खालच्या टोकाशी चमचाभर साचलेलं. हृदय उभं होतं, उभंच आणलं होतं. तरी मागच्या खिडकीतून बोट घातलं तर बोट लाल निघालं. मी ते पुसलं, पुन्हा घातलं. पुन्हा लाल.

साच्यांच्या कामात असणाऱ्या कोणालाही अशा वेळी काय आठवेल ते मला आठवलं. लोखंडाला डोळ्यांना न दिसणारी चीर गेली आहे का हे बघायला आम्ही त्यावर लाल रंगाचं पातळ तेल लावतो. ते चिरेत शिरतं. वरचं पुसून काढलं की चिरेतलं हळूहळू बाहेर पाझरतं आणि लाल रेघ दिसते. इथे तेच झालं होतं. आत्यानं ती तपासणी केली नव्हती, तिनं पूजा केली होती, पण तेल ते तेल. माझ्या तोंडून शिवी गेली. म्हणजे आमचं मॉडेल गळकं होतं. तडा गेलेला माल आम्ही डॉक्टरांना दिला होता आणि ते त्यावर एका पोरीच्या ऑपरेशनचा सराव करणार होते.

भाऊंनी ते उजेडात धरलं. आत टॉर्च घातला, पलीकडे उजेड आला नाही. मग त्यांनी लोखंड कापायच्या मशीनवरची केसासारखी पितळी तार आणून खालच्या टोकाशी मांसाच्या दोऱ्यांच्या जाळ्यात घातली. ती अडली, वळवली, पुन्हा अडली, आणि मग पलीकडे निघाली. वेडीवाकडी का होईना, आरपार वाट होती. भाऊंचं तोंड उतरलं. हे दुरुस्त करणं म्हणजे काही मोठं काम नाही. कुठल्याही रेझिनचा एक थेंब सुईनं आत सोडायचा आणि त्यावर निळा दिवा धरायचा, क्षणात घट्ट होतं. त्यांनी सुई भरलीही. गाडीच्या भागात भोक म्हणजे रिजेक्शन, आणि ते दिसलं की बुजवायचं, ही आमच्या दोघांच्या हाडात मुरलेली सवय.

मी थांबा म्हटलं ते शहाणपणानं नाही, चिडून म्हटलं. चूक कुठे झाली ते मला बघायचं होतं, म्हणजे मशीन बनवणाऱ्याशी भांडता आलं असतं. छापताना थर सुटला तर चीर थरांच्या रेघेत जाते, आडवी आणि सरळ. ही वाट तशी नव्हती. ती थर सोडून वर जात होती, खाली येत होती. तेव्हा मी भाऊंना फाइल उघडायला लावली.

त्यांनी हृदय कॉम्प्युटरवर त्या जागी कापलं, पुढे सरकवलं, पुन्हा कापलं. मग मूळ स्कॅनचे काळेपांढरे काप काढले आणि एकेक बघत गेले. मी मागे उभी होते. एका कापात पडद्याच्या खालच्या भागात केसाएवढी फिकट रेघ होती. पुढच्या कापात ती सरकलेली. त्याच्या पुढच्यात आणखी सरकलेली. ज्याला माहीत नाही त्याला ती दिसली नसती. दिसली असती तरी स्कॅनमधला कचरा वाटली असती. आमच्या सॉफ्टवेअरनं तिथे 'छिद्र बुजवू का' असं विचारलंही होतं आणि भाऊंनी नाही म्हटलं होतं, कारण जे कळत नाही त्याला हात लावायचा नाही हा आमचा नियम. ते त्यांना आठवतही नव्हतं. अशा पन्नास ठिकाणी ते नाही म्हणतात.

भाऊंनी खुर्ची मागे सरकवली. त्यांच्या हातात अजून ती भरलेली सुई होती. "मॅडम," ते म्हणाले, "हे आपण केलेलं नाही. हे तिचंच आहे."

मी खाली बसले. मी सहसा बसत नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो थेंब येत होता. एक थेंब, एक दिवा, आणि पोरीच्या छातीतलं खरं भोक आम्ही डॉक्टरांपुरतं कायमचं मिटवलं असतं. चांगलं काम केलं म्हणून एकमेकांकडे बघितलं असतं.

डॉक्टरांना फोटो पाठवले, तारेसकट. त्यांचा फोन लगेच आला. त्यांनी एकच वाक्य म्हटलं, "त्याला आता कोणीही हात लावू नका." मग मुलीला पुन्हा बोलावून घेतलं. तिचा बाप मला फोन करून विचारत होता की आता काय नवीन काढलं, आणि मला काही सांगता येत नव्हतं. मला स्वतःलाच खात्री नव्हती. स्कॅनमधली रेघ खोटी असू शकते, आणि खोटी निघाली असती तर घरच्यांनी डॉक्टरांवरचा विश्वास तिथेच सोडला असता. तो सगळा दिवस मी कामगारांवर विनाकारण ओरडत काढला.

ती खोटी नव्हती. आधीच्या सोनोग्राफीत ते भोक का दिसलं नव्हतं हे डॉक्टरांनी मला नंतर समजावलं आणि ते मला अगदी पाण्याच्या टाक्यांसारखं समजलं. वर मोठं भोक असलं की दोन्ही कप्प्यांत दाब सारखाच राहतो. मग खालच्या बारक्या वाटेनं काही वाहतच नाही. जे वाहत नाही ते यंत्राला दिसत नाही. वरचं बुजवलं की दाब बदलतो आणि मग खालचं वाहायला लागतं, ऑपरेशन झाल्यावर, छाती शिवून झाल्यावर. मी विचारलं, आम्ही कळवलं नसतं तर तुम्हाला सापडलं असतं का? डॉक्टर म्हणाले, "कदाचित." दुसरा कोणी असता तर हो म्हणाला असता. त्या 'कदाचित'मुळे मला त्यांच्याबद्दल आदर वाटला आणि त्याच शब्दानं मला पुढे कित्येक दिवस नीट झोपही लागू दिली नाही.

सराव आमच्या त्याच हृदयावर झाला. ऑपरेशन ठरल्या गुरुवारीच झालं, दोन्ही भोकांचं. मी हॉस्पिटलला गेले नाही. तिथे माझं काही काम नव्हतं. संध्याकाळी डॉक्टरांचा निरोप आला की वाट नीट बसली आणि खालचंही बंद झालं. मी भाऊंना सांगितलं. ते मशीनच्या मागे जाऊन उगाचच काहीतरी शोधत राहिले.

पोरगी घरी गेली आणि काही दिवसांनी आत्याचा फोन आला. मला वाटलं आता ती आभार मानेल. ती म्हणाली, "बाई, आमचं उसनं राहिलंय."

डॉक्टरांना ते विद्यार्थ्यांसाठी ठेवायचं होतं. तोवर रेझिन आलं होतं, त्यांना दुसरं छापून दिलं आणि जुनं परत आणलं. ते आता उजव्या बाजूनं उभं चिरलेलं होतं. आत पांढऱ्या कापडाचा तुकडा निळ्या दोऱ्यानं बारीक टाक्यांनी बसवलेला, आणि खाली टोकाशी आणखी एक, रुपयाहूनही लहान. ते डब्यात घालून मी पुन्हा त्या रस्त्याला लागले आणि वाटेत भांडणाची तयारी करत गेले. कापलं हे तिला आधी सांगितलं नव्हतं, आणि जे नेलं तेच आणायचं अशी तिची अट होती.

ठाण्यापाशी तिनं डबा उघडला. चिरलेलं हृदय बघून ती हबकली. हात मागे घेतला आणि पुन्हा पुढे केला. मग चिरेतून अंगठा आत घातला आणि टाक्यांवरून फिरवला, कापड बघणाऱ्या बाईसारखा. "आतून अशीच शिवलीय तिला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, अशीच. खालचा छोटा तुकडा तिला सापडला तेव्हा हे काय म्हणून विचारलं. मी तिला तेलाचं सगळं सांगितलं. कुंकू कुठून कुठे गेलं, तार कशी निघाली, भाऊंनी सुई कशी भरली होती. ती ऐकत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. देवीची करणी वगैरे ती काही म्हणाली नाही, हे मला आठवतं. पुजारी म्हणाला, तिनं त्याला गप्प बसवलं.

"मी तेल ओतलं नसतं तर?" ती म्हणाली.

"कदाचित डॉक्टरांना सापडलं असतं," मी म्हणाले.

ती ते घेऊन आत गेली. तांदळावरचा नारळ काढला, तो बगलेत मारला, कारण तो शेजारणीला परत द्यायचा होता. हृदय तिथे ठेवलं, या वेळी तेल न ओतता. मी अट आठवून म्हटलं, की जसं नेलं होतं तसं काही परत आणता आलं नाही.

"जसं नेलं तसंच आणलं असतं," ती म्हणाली, "तर काय चुलीत घालायचं होतं?"

मग तिनं मला कांदा निवडणीवर सोडायला सांगितलं आणि माझ्या आधी गाडीत जाऊन बसली.